पायावर उभी अक्षरं: रॉकवेल हाती घेताना

संगणकावर वर्ड उघडा, फॉन्टच्या यादीतून रॉकवेल निवडा, आकार ३०० करा आणि कॅपिटल ए टाइप करा. वर जिथे दोन तिरक्या दांड्या एकत्र येतात तिथे टोक दिसणार नाही. तिथे एक सपाट आडवी पट्टी बसवलेली आहे. खाली दोन्ही पायांनाही तशाच पट्ट्या आहेत. आता पट्टीची जाडी आणि दांडीची जाडी डोळ्यांनी ताडून पाहा. जवळजवळ सारखीच आहे. भौमितिक स्लॅब सेरिफ म्हणतात तो प्रकार हाच. हे एक अक्षर नीट पाहिलंत तर पुढचं बरंच काही सोपं जाईल.

पुस्तिका, पत्रिका, फलक, दुकानाचं नाव असली कामं नव्याने करायला लागलेल्यांसाठी हा लेख आहे. यादीत दोनशे फॉन्ट असतात, आणि रॉकवेलसारखा फॉन्ट दिसतो भक्कम म्हणून हात आधी तिकडे जातो. तो जरूर वापरावा, मला स्वतःला हे कुळ फार आवडतं. पण त्याला त्याच्या स्वभावाप्रमाणे वागवावं लागतं.

आधी ओळखायला शिका

इंग्रजी अक्षराच्या टोकाला जी छोटी आडवी रेघ असते ती सेरिफ. टाइम्स न्यू रोमनमध्ये ती बारीक असते आणि दांडीला वळण घेत मिळते. स्लॅब सेरिफमध्ये ती जाड, ठोकळ्यासारखी असते. स्लॅब हा शब्द आपल्याला नवा नाही. घर बांधताना ‘आज स्लॅब पडला’ म्हणतो, तोच. सपाट आणि सरळ, भार पेलणारा.

पण सगळे स्लॅब भौमितिक नसतात. तीन गोष्टी तपासा.

पहिली, दांडी आणि पट्टी मिळते तो कोपरा. तिथे गोलाई असेल, म्हणजे भिंत आणि जमीन मिळते तिथे गिलाव्याची गोल पट्टी मारतात तसं काही दिसत असेल, तर तो बहुधा क्लॅरेंडन घराण्यातला आहे. लंडनच्या रॉबर्ट बेस्लीने १८४५ मध्ये क्लॅरेंडन बाजारात आणला. भौमितिक स्लॅबमध्ये हा कोपरा थेट काटकोनात असतो.

दुसरी गोष्ट कॅपिटल ओ. सोनी कंपनीचं नाव आठवा. त्यातल्या ओच्या दोन्ही बाजू जाड आणि वर-खाली तो बारीक आहे. सेरिफ ठसठशीत आहेत, पण कलमाने लिहिल्यासारखा जाड-बारीक फरक शिल्लक आहे. रॉकवेलचा ओ कंपासने काढल्यासारखा गोल, सगळीकडून सारख्याच जाडीचा वाटतो. वाटतो असं मुद्दाम म्हणतो आहे. त्यावर खरंखुरं वर्तुळ ठेवून पाहिलंत तर किंचित फरक दिसेल. आडवी रेघ उभ्या रेघेइतकीच जाड काढली तर डोळ्याला ती जास्त जाड भासते, म्हणून अक्षर काढणारा तिला जरा बारीक करतो. भूमिती सारखी दिसावी यासाठी भूमिती थोडी मोडावी लागते, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तासभर एकेका अक्षरावर फूटपट्टी ठेवून मोजत बसलो होतो.

तिसरी गोष्ट म्हणजे अक्षरांची रुंदी. कुरिअर हाही स्लॅबच, पण तो टंकलेखन यंत्राच्या शिस्तीतला: प्रत्येक अक्षराला सारखीच जागा. आय आणि एल ही मुळात सडपातळ अक्षरं, त्यांना त्या जागेत भरून काढायला लांब सेरिफ दिलेले असतात. रॉकवेलमध्ये एम ऐसपैस असतो आणि आय आपल्यापुरती जागा घेतो.

ही मंडळी आली कुठून

थोडक्यात सांगतो, कारण नावांचा गोंधळ इथेच उलगडतो. जाड सेरिफची अक्षरं इंग्लंडमध्ये १८१५ च्या सुमारास आली. व्हिन्सेंट फिगिन्सच्या टाइप फाउंड्रीने, म्हणजे छपाईचे खिळे ओतणाऱ्या कारखान्याने, त्यांना अँटिक म्हटलं. तो काळ जाहिरातींच्या भित्तिपत्रकांचा होता. पुस्तकातली नाजूक अक्षरं रस्त्यावरच्या भिंतीवर टिकेनात, लांबून ओरडून सांगणारी अक्षरं हवी होती. नेपोलियनच्या १७९८ च्या मोहिमेनंतर युरोपात इजिप्तचं वेड होतं, म्हणून या अक्षरांना ‘इजिप्शियन’ हे नाव चिकटलं. गंमत अशी की १८१६ मध्ये कॅस्लन घराण्यातल्या विल्यम कॅस्लन चौथा याने ‘इजिप्शियन’ म्हणून जो टाइप दाखवला, त्याला सेरिफच नव्हते.

भौमितिक शाखा फुटली ती शंभरएक वर्षांनी. १९२७ मध्ये पॉल रेनरचा फ्युचुरा आला. वर्तुळ, सरळ रेघ, सेरिफ अजिबात नाही. तो इतका चालला की इतर फाउंड्र्यांनी त्याच हाडांवर जाड सेरिफ चढवायला घेतले. फ्रँकफर्टच्या स्टेम्पेलसाठी रुडॉल्फ वोल्फने १९२९ मध्ये मेम्फिस केला. हाइनरिश योस्टने बाउअर फाउंड्रीसाठी बेटोन काढला. जर्मनमध्ये बेटोन म्हणजे काँक्रीट, म्हणजे स्लॅब आणि काँक्रीट एकाच घरात आले. गेओर्ग ट्रुम्पचा सिटी १९३० चा, अमेरिकेत मॉरिस फुलर बेंटनचा स्टायमी १९३१ चा. मेम्फिस, कैरो, कर्नाक ही या टाइपांची नावं, सगळी इजिप्तमधल्या ठिकाणांची, पाहिलीत की इजिप्त अजून पाठ सोडत नाही हे दिसेल.

रॉकवेल १९३४ चा, मोनोटाइप कंपनीच्या इंग्लंडमधल्या कारखान्यातला. फ्रँक हिनमन पिअरपाँट यांच्या देखरेखीखाली तो तयार झाला, आणि त्याचं मूळ १९१० च्या लिथो अँटिक नावाच्या अमेरिकन टाइपमध्ये आहे. म्हणूनच तो फ्युचुराइतका कोरडा नाही. त्याचा स्मॉल ए पाहा: वर छपरी असलेला, दुमजली, पुस्तकात छापतात तसा. निव्वळ भूमिती हवी असती तर गोल आणि दांडी एवढ्यावर भागलं असतं. हा एक ए रॉकवेलच्या ओळीत थोडी ऊब आणतो असं मला नेहमी वाटतं.

स्वभाव समजून घ्या

या अक्षरांच्या स्वभावातली मुख्य गोष्ट अशी की ती जमिनीवर उभी असतात. रॉकवेल बोल्डमध्ये एखादा शब्द टाइप करा, डोळे बारीक करा आणि फक्त खालची कड पाहा. सेरिफच्या पट्ट्या एकमेकींच्या इतक्या जवळ येतात की अक्षरांखाली फरशी घातल्यासारखी दिसते. त्यामुळे शब्द बसका, ठाम, न हलणारा वाटतो. मोठ्याने बोलत असला तरी तो धावत नाही.

याच गुणातून त्याचे उपयोग निघतात. शीर्षकं, फलक, पाटी, प्रदर्शनातली नावं, पुस्तकाच्या पाठीवरचं नाव, वेष्टनावरचा एक मोठा शब्द, भिंतीवरचे क्रमांक. आकडे तर फारच छान दिसतात. किमती, वर्षं, घरांचे नंबर यासाठी मी बरेचदा याच कुळातला फॉन्ट निवडतो. आणखी एक उपयोग फारसा कुणी सांगत नाही. सेरिफ नसलेल्या पुष्कळ फॉन्टांत कॅपिटल आय, स्मॉल एल आणि एक हा आकडा जुळ्या भावंडांसारखे दिसतात. स्लॅबमध्ये आयला वर-खाली दोन्हीकडे पट्टी, एलला वर फक्त डावीकडे, आणि एकला वर शेंडा व खाली बैठक. पावतीचा क्रमांक, कूपनचा कोड, सदस्य क्रमांक असं काही छापायचं असेल तर चुकीचं वाचलं जाण्याची भीती कमी होते.

याच कुळातला सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा नमुना म्हणजे आयबीएमची तीन अक्षरं. अमेरिकन डिझायनर पॉल रँडने १९५६ मध्ये ती सिटी या टाइपच्या आधाराने घडवली, आणि आडव्या पट्ट्यांचं आजचं रूप १९७२ चं. सिटीमध्ये बाहेरचे कोपरे गोलसर आणि आतली पोकळी चौकोनी असते, त्यामुळे अक्षरं यंत्रातून कापून काढल्यासारखी दिसतात. यंत्रं विकणाऱ्या कंपनीला याहून योग्य कपडे कुठले मिळणार?

आता कुठे वापरू नये ते. सलग मजकुरात नको. वाचताना डोळा जाड-बारीक रेघांच्या लयीवर पुढे सरकतो, आणि इथे सगळ्या रेघा सारख्या. त्यात प्रत्येक अक्षराला जड बूट. दहा ओळींनंतर पान काळं वाटतं. नाजूक कामातही नको. रॉकवेल एक्स्ट्रा बोल्डमध्ये छापलेली शोकसंदेशाची ओळ मी पाहिली आहे, शब्द साधे होते पण अक्षरं दरडावत होती. हळुवारपणा हवा आणि स्लॅबही सोडवत नसेल, तर त्याच्या हलक्या जाडीकडे जा किंवा आर्चरसारखा फॉन्ट पाहा, ज्यात अक्षरांचे शेवट चेंडूसारखे गोल आहेत आणि पट्ट्या सडपातळ.

फॉन्ट मिळवणं

रॉकवेल एमएस ऑफिससोबत येतो, म्हणून अनेकांच्या संगणकावर तो आधीच असतो. नसेल तर विकत घ्यायच्या आधी गूगल फॉन्ट्सवर जा. रॉकिट, जोसेफिन स्लॅब, आर्वो, रोबोटो स्लॅब, झिला स्लॅब हे सगळे तिथे मोफत आहेत आणि छपाईच्या धंद्याच्या कामातही वापरता येतात. रॉकिट रॉकवेलच्या सर्वांत जवळचा. जोसेफिन स्लॅब बारीक आणि जुन्या वळणाचा, मोठ्या आकारातच बरा. रोबोटो स्लॅब काटेकोर भौमितिक नाही, पण लहान आकारात यादीतल्या इतरांपेक्षा जास्त वाचनीय. नवशिक्याने एक निवडावा आणि महिनाभर तोच वापरावा.

जाडी आणि अंतर

शब्द मोठा आणि एकटा असेल तर बोल्ड. दोन-तीन ओळींचं शीर्षक असेल तर रेग्युलर. एक्स्ट्रा बोल्ड फक्त चार-पाच अक्षरांच्या शब्दाला, कारण त्यात स्मॉल ई आणि ए यांची पोकळी जवळजवळ बुजते. आणि एक्स्ट्रा बोल्ड निवडल्यावर पुन्हा वरचं बी बटण दाबू नका. त्या जाडीचा आणखी ठळक भाऊ नसतो, म्हणून सॉफ्टवेअर कडा फुगवून खोटा बोल्ड बनवतं आणि काटकोनी कोपरे सुजल्यासारखे होतात.

याहून मोठं पाप म्हणजे अक्षर ओढणं. कोरलड्रॉमध्ये शब्द जागेत बसत नाही म्हणून बाजूचा ठिपका धरून रुंद करायचा, ही सवय आपल्याकडच्या डीटीपीत खोल रुजली आहे. इतर फॉन्टांत ते खपून जातं, इथे लगेच उघडं पडतं. आडवं ताणलं की उभ्या दांड्या जाड होतात आणि आडव्या पट्ट्या तेवढ्याच राहतात. सारख्या जाडीची रेघ हाच ज्याचा प्राण, त्याचा प्राणच जातो, आणि गोल ओ अंड्यासारखा आडवा होतो. जागा कमी असेल तर कंडेन्स्ड, म्हणजे त्याच फॉन्टचं अरुंद रूप, वापरा, ते रूप कारागिराने वेगळं घडवलेलं असतं. जागा जास्त असेल तर अक्षरांमधलं अंतर वाढवा, किंवा कागद मोकळा सोडा.

अंतराबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. मोठ्या आकारात अक्षरं सैल वाटतात, म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, थोडं घट्ट करायचा मोह होतो. करा, पण आर आणि एन शेजारी आले की तिथे थांबून पाहा. दोन्हींच्या खालच्या पट्ट्या चिकटल्या की ‘मॉडर्न’मधला शेवटचा आर-एन एमसारखा दिसू लागतो. सलग पट्टी झाली की फरशी बनते, पण अक्षरं हरवतात. दोन पट्ट्यांमध्ये पांढरी फट स्पष्ट दिसायला हवी. लहान आकारात तर ट्रॅकिंग उलट किंचित सैल करावं.

देवनागरीशेजारी ठेवताना

मराठी कामात खरी परीक्षा इथे होते. पाटीवर वर मराठी नाव आणि खाली इंग्रजी नाव असतं, आणि रॉकवेलमध्ये देवनागरी अक्षरं नाहीतच. तुम्ही रॉकवेल निवडून मराठी टाइप केलंत तर सॉफ्टवेअर न सांगता मंगल किंवा निर्मला असा दुसराच देवनागरी फॉन्ट आणून बसवतं. इंग्रजी नाव पहिलवान आणि मराठी नाव त्याच्यामागे उभं राहिलेलं पोर, अशी कितीतरी दुकानांची पाटी मी पाहिली आहे. आपल्या भाषेला आपल्याच पाटीवर दुय्यम जागा मिळालेली मला बघवत नाही. म्हणून मराठीचा फॉन्ट आधी निवडा आणि इंग्रजीला त्याच्या मापाने बसवा.

निवडताना एक गोष्ट समजून घ्या. देवनागरी अक्षर शिरोरेषेला टांगलेलं असतं. त्याचा भार वर असतो, खाली ते मोकळं सुटतं. रॉकवेलचा भार खाली आहे. शिरोरेषा आणि सेरिफची फरशी, दोन्ही आडव्या जाड रेघा, एक छताची आणि एक जमिनीची. मराठी ओळ वर आणि स्लॅबमधली इंग्रजी ओळ खाली ठेवली की वरून छत आणि खालून जमीन मिळते, आणि मजकूर चौकटीत बसवल्यासारखा नीटस दिसतो. उलट क्रमाने लावलं तर इंग्रजीची फरशी आणि मराठीची शिरोरेषा या दोन जाड रेघा ओळींच्या मधोमध एकमेकींना घासतात, त्यात वेलांटी आणि मात्रा यांची गर्दी. हा क्रम टाळता येत नसेल तर दोन ओळींतलं अंतर सढळ हाताने वाढवा.

सोबतीला असा देवनागरी फॉन्ट घ्या ज्याची रेघ सारख्या जाडीची आहे. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त चांगला चालतो. इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स आणखी जवळचा, कारण त्याची इंग्रजी अक्षरं मुळातच वर्तुळावर बेतलेली आहेत आणि देवनागरीही सारख्या जाडीची आहे. एदुआर्दो तुन्नी यांचा ग्लेगू हा स्लॅब वळणाचा फॉन्ट असून त्यात देवनागरीही आहे, त्यामुळे दोन्ही लिपी एकाच हातच्या हव्या असतील तर तो पाहण्यासारखा आहे.

मग मापं जुळवा. पॉइंटचा आकडा दोन्हीकडे सारखा ठेवून चालत नाही. ‘क’ची शिरोरेषेपासून खालपर्यंतची उंची आणि रॉकवेलच्या स्मॉल एक्सची उंची शेजारी ठेवा. साधारणपणे ‘क’ हा स्मॉल एक्सहून उंच आणि कॅपिटलहून बुटका असा मधे राहिला की ओळ समतोल वाटते. नंतर जाडी. ‘क’चा उभा दंड आणि इंग्रजी आयची दांडी जवळ आणून पाहा, आणि सारखी दिसेपर्यंत एकीची जाडी बदला. बरेचदा देवनागरी सेमीबोल्ड आणि रॉकवेल रेग्युलर अशी जोडी जमते.

मराठीसाठी आणखी एक खबरदारी: ल आणि श. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून वेगळे असतात, आणि काही फॉन्टांत दोन्ही रूपं दिलेली असतात. वेबपानावर भाषा मराठी म्हणून नोंदवली किंवा डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडली, तर सोय असलेल्या फॉन्टमध्ये आपलं रूप आपोआप येतं. पाटीवर ‘शीतल’ लिहायचं असेल तर हे दोन मिनिटांचं काम सोडू नका.

छापून पाहा

स्क्रीनवर विश्वास ठेवू नका. सुरुवातीच्या काळात मी एका व्हिजिटिंग कार्डावर काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं घेतली होती, हलक्या जाडीचा स्लॅब, आकार ६ पॉइंट. स्क्रीनवर मोठं करून पाहिलं तेव्हा रेशमासारखं दिसत होतं. छापून आलं तेव्हा काळी शाई पांढऱ्या रेघांत शिरली होती. दांड्या कशाबशा वाचल्या, पट्ट्या मात्र ठिकठिकाणी तुटल्या, आणि पत्त्यातला ई कुठे सी तर कुठे ओ झाला. पाचशे कार्डं पुन्हा छापावी लागली. छापखान्याची काही चूक नव्हती, पार्श्वभूमी काळी असताना रेघ एक पायरी जाड घ्यायची असते हे मला माहीत नव्हतं. तेव्हापासून काळ्यावर पांढरं असेल तर मी रेग्युलरच्या खाली जात नाही आणि ८ पॉइंटच्या खाली तर अजिबात नाही.

विनाइल कटिंगला मात्र ही अक्षरं वरदान आहेत. सरळ कडा, काटकोन, कुठेही केसासारखी रेघ नाही. पातीला बारीक टोकात अडकायला जागाच नसते, आणि चिकटवल्यावर कडा लवकर सुटत नाही. स्क्रीन प्रिंटिंगवरही, विशेषतः कापडी पिशवीवर, बोल्ड स्लॅब स्वच्छ उतरतो. फ्लेक्सवर छपाई छानच होते, तिथे फक्त ओढण्याचा मोह आवरा.

शेवटी एक चाचणी, जी मी प्रत्येक पाटीच्या कामाला करतो. मराठी आणि इंग्रजी नाव साध्या कागदावर काळ्या रंगात, पाटीच्या एक दशांश मापाने छापा आणि भिंतीला चिकटवा. पाटी लोक तीस फुटांवरून वाचणार असतील तर तुम्ही तीन फुटांवर उभे राहा. आधी डोळे मिचकावून पाहा की दोन्ही नावं सारखीच काळी दिसतात का. मग कागद उलटा चिकटवा आणि पुन्हा पाहा. उलट्या कागदावर शब्द वाचला जात नाही, म्हणून अंतर दिसू लागतं. आर-एनमधली फट, एलनंतरचा खड्डा, शिरोरेषा आणि इंग्रजी कॅपिटल यांच्यामधली जागा. जिथे डोळा अडतो तिथे पेन्सिलने खूण करा आणि संगणकाकडे परत जा. माझ्या एका पाटीला असे सात कागद लागले होते, आणि सातव्यावर खूण एकच होती.